सीडीतली बाई घाईत आहे

माझी बायको गेली त्याला आठ महिने झाले होते, मी मुलीकडे राहायला आलो होतो, तेव्हा तिने ती सीडी आणली. ऑफिसातून आली, चप्पल काढली नाही, पाणी प्याली नाही, सरळ माझ्या खोलीत.

"अप्पा, डोळे मिटा."

"मिटतो. पण परत उघडायला लावू नको."

तिला असलं बोललेलं आवडत नाही. तिने एक चपटी डबी माझ्या हातात ठेवली. बघतो तर वर ती बाई. नारिंगी झगा, डोक्यावर टोपलीएवढे गोल केस, खुर्चीवर उलटी बसून खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून हसणारी काळी बाई. आमच्या घरी होती तेव्हा ती हातभर मोठी होती. आता हातात मावत होती.

मी डबी उलटीसुलटी करत बसलो. मुलीला वाटलं आनंद झाला.

ही बाई आणि तिचं गाणं आमच्या घरात कसं आलं ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी निपाणीकडचा. शाळा सातवीपर्यंत, तीही कशीबशी. लेथ मात्र चांगला शिकलो आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात टर्नर म्हणून चिकटलो तो म्हातारा होईपर्यंत. बायको तिकडेच कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. तिचं काम बाह्या जोडायचं. डावी, उजवी, डावी, उजवी, दिवसभर दुसरं काही नाही. समोर फळा, त्यावर तासाला किती झाल्या ते. तिने आयुष्यात अख्खा शर्ट त्या कारखान्यात शिवला नाही. यशवंतपूरला मार्केटच्या मागे आमची एक खोली होती. घरमालकीण म्हणजे रेल्वेतल्या साहेबाची विधवा, घरात इंग्रजी बोलायची, आमच्याशी मोडकं कन्नड. ती परदेशात लेकीकडे कायमची निघाली, तेव्हा माझ्या बायकोला हाक मारून म्हणाली, ह्या ढिगातलं काय हवं ते घे. बायको नेहमी तिचे झगे आल्टर करून द्यायची, म्हणून.

बायको काय घेऊन आली? एक बंद पडलेला रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड.

"पेटी बंद हाय म्हणतेस, मग कशाला उचललीस?"

"पेटी तुम्ही चालू कराल. मी ह्या बाईसाठी आणली."

"कोण ही?"

"मला काय म्हाईत? बाही बगा हिची. कापड तिरकं कापलंय, म्हणून अशी पाण्यासारखी पडलीया. आमच्या सुपरवायझरला दाखवायला पायजे."

म्हणजे गाण्यासाठी नव्हे, बाहीसाठी ती रेकॉर्ड आमच्या घरात आली. आम्हा दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. वर काय लिहिलंय, कोण गातंय, कुठल्या मुलखातली, काही ठाऊक नव्हतं.

पेटी उघडून बघितली. मोटर चांगली होती, फक्त मोटरवरची पुली गायब. ही पुली एवढीशी असते, बोटाच्या पेराएवढी. तिच्यावरून रबरी पट्टा जातो आणि वरची थाळी फिरवतो. पुली जाड तर थाळी जोरात, पुली बारीक तर थाळी हळू. मी कारखान्यातला पितळेचा तुकडा घेतला, भोक पक्कं केलं आणि मुद्दामच जाड पुली काढली. जाड असली तर कमी करता येते. बारीक झाली तर फेकायची. टर्नरचं काम असंच असतं.

पहिल्या दिवशी लावली तर बाई कोंबडीसारखी ओरडायला लागली. आम्ही दोघं हसून लोळलो. दुसऱ्या दिवशी पुली खिशात घालून कारखान्यात नेली, जेवणाच्या सुट्टीत एक पातळ कट मारला, संध्याकाळी आणून लावली. अजून जोरात. परत नेली. असं चौथ्या कटाला मला वाटलं, बसलं. आवाज माणसाचा वाटत होता, ढोल बरोबर पडत होता. मी हात पुसले.

बायको मेथी निवडत बसली होती. तिने मान हलवली. "अजून पळतीया."

"अगं, गाणंच तसं आहे."

"न्हाई. पळतीया. अजून स्वल्प कमी करा."

पाचवा कट. सहावा कट. मी म्हटलं, आता बाईचा पुरुष होईल. ती म्हणाली, "होऊ द्या. दिवसभर माझी मशीन पळती, सुपरवायझर पळती, परत येताना बस पळती. घरात तरी कुणी पळू नको."

सातव्या कटाला तिचे हात थांबले. मेथीची काडी तशीच हातात. बाईचा आवाज जाड झाला होता, जड झाला होता, ढोल एकेक पाऊल टाकत चालल्यासारखा पडत होता. बायको म्हणाली, "बास. बसली."

"पुली?"

"बाई. बसली खुर्चीवर. आता हात लावू नका."

मी हात लावला नाही. माप पण घेतलं नाही. मालकाला हजारो मापं लिहून दिली, केसाएवढा फरक पडला तर बोलणी खाल्ली, पण ह्या एका वस्तूचं माप कधी लिहून ठेवलं नाही. का लिहायचं? सांगणारी घरातच होती.

थाळीच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या ओळी होत्या. बायको म्हणायची, नक्षी छान आहे. ते ठिपके थाळीचा वेग बघायला असतात हे मला पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

त्या रेकॉर्डच्या एका बाजूला चार गाणी, दुसऱ्या बाजूला चार. आम्ही ती सगळी दुःखाची गाणी समजत होतो. एक तिने ठरवलं होतं की नवरा परमुलखात गेलाय त्याचं आहे. एक होतं ते लेकरू आजारी असल्याचं. तिसरं तिचं स्वतःचं. ते काय आहे म्हणून कधी सांगितलं नाही. रविवारी न्हाऊन झालं, कपडे वाळत घातले, की ती सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवायची आणि भाजी निवडायची. बरोबर गुणगुणायची. शब्द येत नव्हते म्हणून नाकातल्या नाकात. बाई जिथे आवाज वर न्यायची तिथे ही खाली न्यायची, आणि शेवटी दोघी एका ठिकाणी यायच्या. मुलगी झाली तेव्हा तिला पायावर घेऊन ह्याच गाण्यावर झोपवलं. शेजारची अक्का विचारायची, हे काय गं, चर्चचं आहे का? बायको म्हणायची, हो.

पुढे टीव्ही आला, टेप आला, मुलीचे कसले कसले डबे आले. प्लेअर खिडकीखालीच राहिला. रविवारचं तिचं चुकलं नाही. मी म्हणायचो, कंटाळा कसा येत नाही तुला? ती म्हणायची, तुमचा आला का?

आता पुढचं. हे मी मुलीला सांगितलेलं नाही. वाचलं तर वाचेल.

बायकोच्या छातीत बिघडलं. चार जिने चढली की दम, मग दोन जिने, मग खाटेवरून मोरीपर्यंत. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, घरी नेऊ शकता, पण हवेचं मशीन लावावं लागेल, खाटेजवळ, खिडकीजवळ, जिथे प्लग आहे तिथे. मुलगी तेव्हा हेब्बाळच्या तिच्या घरून रोज दवाखान्यात, मी घरी जागा करायला. खिडकीखाली प्लेअर. पट्टा ढिला झालेला, महिनाभर तो बंदच होता. बाहेर भंगारवाला हाका मारत चालला होता. मी विचार केला नाही. खोटं का बोलू, विचार करायला वेळ होता. पेटी उचलली, रेकॉर्ड तिच्यावरच होती, दोन्ही गाडीवर ठेवली. आत आलो आणि मोकळी जागा बघून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. वाटलं, आता ती घरी येणार.

ती घरी आली. खाटेवर टेकली, नाकात नळी, मशीनमध्ये पाणी बुडबुडतंय. नजर फिरवली तिने.

"पेटी?"

मी म्हटलं, "पट्टा गेला होता ना. दुरुस्तीला दिलीय."

"पुली काढून घेतली न्हवं? ते लोक हरवतील."

"घेतली."

"दाखवा."

"कारखान्यात ठेवलीय."

कारखाना सोडून मला सहा वर्षं झाली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, आणि कूस बदलली. तिला कळलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. पण दर रविवारी विचारायची, आली का? मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. तीन रविवार विचारलं. चौथ्या रविवारी ती नव्हती.

मी भंगारवाल्याला शोधलं नाही असं नाही. ती घरी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. गोदामात त्याने ढीग दाखवला. लाकूड वेगळं, तांबं वेगळं, पितळ वेगळं. पितळेचा ढीग आधीच भट्टीला गेलेला. रेकॉर्ड? तो म्हणाला, अण्णा, प्लास्टिक आम्ही चुरा करतो. मी तिथेच एका पिंपावर बसलो. त्याने पाणी दिलं. विचारलं, सोनं होतं काय आत?

तर अशी ती गोष्ट. आणि आठ महिन्यांनी मुलगी तीच बाई डबीत घालून घेऊन आली.

झालं होतं असं की तिच्याकडे तिच्या पहिल्या वाढदिवसाचा एक फोटो होता. बायकोच्या मांडीवर ती, मागे फळीवर रेकॉर्डचं पाकीट, त्यावर ती बाई. फोटो तिने ऑफिसात कुणाला तरी दाखवला. तिथे पुण्याचा एकजण आहे, जुन्या रेकॉर्डी जमवणारा. तो आईकडे बघायचं सोडून फळीकडेच बघायला लागला म्हणे. त्याने शोधून काढलं की ही रेकॉर्ड तिकडे परदेशात पुन्हा काढलीय, सीडीवर. मुलीने मागवली.

आता सीडी वाजवायची कशावर? घरात कुणाकडे मशीन नाही. मुलीच्या जुन्या गाडीत तेवढी सीडीची फट आहे. म्हणून आम्ही दोघं तळमजल्याच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसलो. कुठेही जायचं नव्हतं तरी तिने मला पट्टा बांधायला लावला. सवय.

तिसरं गाणं लावलं.

मी पहिल्यांदा म्हटलं, "हे दुसरं आहे."

"नाही अप्पा, हेच आहे. नंबर तीन."

"ही ती बाई नव्हे."

ती पळत होती. आवाज बारीक, कोवळा, जेमतेम विशीतल्या पोरीचा. ढोल उड्या मारतोय, मागे टाळ्या पडतायत, बाई मध्येच खिदळल्यासारखी. जिथे आमच्या घरात ती एक श्वास घेऊन थांबायची आणि माझी बायको भाजीची काडी मोडायची, तिथे थांबणंच नव्हतं. निघून गेली पुढे. मुलगी बोटांनी स्टिअरिंगवर ठेका धरत होती आणि माझ्याकडे बघून रडत होती. तिला वाटत होतं मला आई भेटली. मला ती कुठे सापडेना. गाणं संपलं तेव्हा मी म्हटलं, बंद कर, गुदमरतंय इथे.

रविवारी तो पुण्याचा माणूस घरी आला, कॉम्प्युटरला जोडायची एक पेटी घेऊन. चाळिशीचा असेल, चष्मा, बोलायला हौशी.

"काका, तुमच्या प्लेअरचा स्पीड स्लो असणार. हे ओरिजिनल टेपवरून केलंय, एकदम करेक्ट आहे. ह्या प्रकारच्या गाण्यांना सोल म्हणतात, आणि हे तिसरं जे आहे ना, ते बूगी. नाचायचं गाणं."

"नाचायचं?"

"हो, पार्टीत. क्लबमध्ये."

"माझ्या बायकोने चाळीस-पंचेचाळीस वर्षं ह्यावर भाजी निवडली."

तो हसला. मग मुलीचं तोंड बघून डबी उघडायला लागला.

डबीत एक छोटं पुस्तक होतं. ते त्याने वाचून सांगितलं. त्या बाईने एकच रेकॉर्ड केली. कुणी घेतली नाही. पुढे तिने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, गाणं सोडलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी कुठल्या गुदामात मूळ टेप शोधली, साफ केली, बाईला शोधलं, तिची मुलाखत घेतली. शेवटच्या पानावर तिचा आताचा फोटो होता. पांढरे केस, जाड चष्मा, सोफ्यावर बसलेली. जिवंत.

मी तो फोटो फार वेळ बघितला. माझ्या मनात काय आलं ते सांगतो, चांगलं नाही. मनात आलं, ही कशी राहिली? मग दुसरं आलं, ते ह्याहून वाईट. सात समुद्रापलीकडच्या लोकांनी, जिचे कुणी लागत नाहीत अशा बाईचा आवाज गुदामातून उकरून काढला, धुऊनपुसून ठेवला. आणि मी माझ्या घरातला, खिडकीखालचा, हाकेवर भंगारात दिला.

"काका," तो म्हणाला, "स्लो करता येतं. तुमच्या घरी वाजायचं तसं करून देतो."

मी मान वर केली. असं करता येतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्याने आधी काय केलं कोण जाणे, गाणं हळू झालं पण आवाज तसाच बारीक. दारू प्यायलेली पोरगी गातीय असं. मी म्हटलं, हे काढा. मग त्याने दुसरं काहीतरी दाबलं आणि आवाज पण जाड व्हायला लागला. स्क्रीनवर एक रेघ, रेघेवर एक गोळी, ती डावीकडे सरकवली की गाणं हळू. वर आकडा, मूळचा वेग शंभर धरून. मी स्क्रीनजवळ सरकलो. म्हटलं, सापडली.

"ब्याण्णव," तो म्हणाला. "हे?"

"जोरात आहे."

"नव्वद?"

"अजून."

"अठ्ठ्याऐंशी."

मी डोळे मिटले. हे होतं का? वाटलं, होतं. मग म्हटलं, अजून एक कमी करा. सत्त्याऐंशी. हे पण वाटलं, होतं. शहाऐंशीला बाई जास्तच जड. परत अठ्ठ्याऐंशी. आता ते जोरात वाटायला लागलं. परत सत्त्याऐंशी, मग मध्येच साडेसत्त्याऐंशी. जितकं ऐकावं तितकं माझ्या कानातलं घसरत चाललं. सर्दी झाल्यावर जेवणाची चव जाते ना, तसं. अर्धा तास आम्ही हेच करत होतो. तो बिचारा न कंटाळता गोळी सरकवत होता.

"काका, नक्की किती ठेवू?"

"मला काय विचारता? मी नुसता कट मारायचो. थांबा म्हणणारी ती होती."

हे बोलल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं काय झालंय ते. सगळं सामान मिळालं होतं. बाई होती, गाणं होतं, हळू करायचं यंत्र होतं, माझ्या लेथपेक्षा शंभर पटीने बारीक कट मारणारं. आणि कुठे थांबायचं ते सांगणारं जगात कुणी उरलं नव्हतं. मला वाटत होतं निदान मला तरी ठाऊक आहे. इतकी वर्षं त्याच खोलीत बसून ऐकलं. पण मी पेपर वाचत ऐकलं, पंखा दुरुस्त करत ऐकलं, तिच्याशी भांडत ऐकलं. मी ते गाणं कधी नीट ऐकलंच नव्हतं. ती ऐकतेय म्हटल्यावर मला ऐकायची गरज वाटली नाही.

तेवढ्यात मुलगी एकदम ओरडली, "थांबा! हेच! अप्पा, हेच होतं!"

आकडा होता नव्वद.

ते नव्हतं. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. नव्वदला ती बाई अजून उठू बघत होती, बसली नव्हती.

"मी ह्याच्यावर झोपायचे," मुलगी म्हणाली. "आईचे पाय हलायचे ना, तसंच. बघा ना." आणि ती जमिनीवर बसली, पाय लांब केले आणि रिकाम्या पायांवर कुणाला तरी झोपवल्यासारखे हलवायला लागली. पंचेचाळीस वर्षांची बाई. पुण्याच्या माणसाने चष्मा काढून पुसला. "हेच ना अप्पा?"

मी काय म्हणणार होतो? माझ्याजवळ दुसरा आकडा असता तर म्हणालो असतो, गप बस, तुला काय कळतंय. नव्हता. मी म्हटलं, "हो. हेच."

त्याने ते तसं पक्कं करून दिलं. तिच्या फोनवर, माझ्या फोनवर, गाडीत. सीडी तिने कपाटात ठेवली.

मग बायकोचं वर्षश्राद्ध आलं. निपाणीहून तिची धाकटी बहीण आली, आणखी दोघं-तिघं आले. भटजी उठले, आमची पानं वाढून झाली, तेव्हा मुलीने सगळ्यांना थांबवलं आणि ते लावलं. आईचं गाणं म्हणून. खोलीभर नारिंगी झग्यातल्या बाईचा आवाज नव्वदने. मेहुणी पदर तोंडाला लावून रडायला लागली.

"हेच गं," म्हणाली. "अक्का हेच म्हणायची. चुलीजवळ पण हेच. भावजी, बगा की, तीच बसल्यावानी वाटतंय न्हवं?"

मेहुणी आमच्याकडे दोनदाच राहायला आलेली. रेकॉर्ड तिने ऐकली असेल तर एखाद्या वेळी. पण सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, काय आवाज आहे. मी पानावरची कोशिंबीर बघत बसलो. त्या खोलीत मी एकटा होतो ज्याला ठाऊक होतं की हे ते नव्हे, आणि ते काय होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. उठून ओरडावंसं वाटलं. ओरडून सांगणार काय? अजून स्वल्प कमी करा? किती कमी?

त्या दिवसापासून मुलगी दर रविवारी ते लावते. मला बरं वाटावं म्हणून लावते, मला कळतं. स्वयंपाक करताना गुणगुणते. आता तिचं गुणगुणणं नव्वदचं आहे.

मी रोज सकाळी बाल्कनीत बसतो तेव्हा बायकोचं नाकातलं गुणगुणणं आठवायचा प्रयत्न करतो. ती कुठे थांबायची, कुठे आवाज खाली न्यायची. पहिले काही महिने असं व्हायचं की मी सुरू करायचो आणि फोनमधलं गाणं मध्ये घुसायचं, मला ढकलून पुढे न्यायचं. मी थांबायचो, परत पहिल्यापासून. ते चूक आहे एवढं तरी कळायचं. चूक आहे हे कळत होतं, म्हणजे बरोबरचं कुठेतरी शिल्लक होतं, खोल का असेना. त्याच्याच आधारावर मी होतो म्हटलं तरी चालेल.

गेल्या रविवारी मुलीने लावलं. मी पेपर वाचत होतो. गाणं संपत आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी पायाने ठेका धरलाय, नव्वदचा, आणि मला कुठेही काही खटकलेलं नाही. पेपर खाली ठेवला. आतल्या आत शोधलं. दुसरं काही सापडलं नाही. हेच होतं फक्त.

मी तिला म्हटलं, "ते गाणं काढून टाक फोनमधून."

"का अप्पा? आवडत नाही?"

"आवडायला लागलंय," मी म्हटलं.

ती हसली. मी नेहमीसारखं वाकडं बोलतोय असं तिला वाटलं. तिने कढईत फोडणी टाकली, आणि पुढचं गाणं सुरू झालं.